मोबाईलमधल्या गावाचा सातबारा कुणाच्या नावावर?

या पानावर एरवी तुम्ही खतं-बियाणं, बाजारभाव आणि पाटाचं पाणी याविषयी वाचता. आज विषय वेगळा आहे. मोबाईलवरच्या खेळाचा आहे. लगेच पान उलटू नका. थोडं वाचलंत तर भांडण ओळखीचं वाटेल.

गेल्या पंधरवड्यात एका घरी जेवायला जाण्याचा योग आला. घर खातंपितं, चार एकर बागायत, दोन मुलगे. थोरला बत्तिशीचा, शिकून परत शेतीत आलेला. धाकटा एकोणीस वर्षांचा, आयटीआयला जाणारा. पानावर बसलो तर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनात. आमटी हवी तर धाकटा आईला सांगे, थोरल्याच्या पुढ्यातलं पातेलं मागेना. बांधाचा वाद म्हणावा तर वाटणी झालेली नाही. शेवटी त्यांच्या वडिलांनीच खुलासा केला, "काही नाही हो, गावावरनं भांडल्यात."

"कुठलं गाव?"

"मोबाईलातलं."

हसू आलं, खोटं कशाला सांगा. पण जेवणानंतर ओट्यावर बसून दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं तेव्हा हसू मावळलं. आपल्या गावोगाव पोरं हातात मोबाईल घेऊन मान खाली घालून बसलेली असतात. ती नेमकं काय करतात, कशावरून चिडतात, हे आपल्याला माहीत नसतं. आपण म्हणतो, "ठेव तो डबडा." तो ठेवतो आणि पाच मिनिटांनी परत उचलतो.

गवंडी पाच, कामं पन्नास

खेळाचं नाव 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'. फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरातल्या सुपरसेल नावाच्या कंपनीने तो काढला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनवर आला, ऑक्टोबर २०१३ मध्ये अँड्रॉईडवर, म्हणजे आपल्याकडच्या सर्वसाधारण मोबाईलवर आला. (याच कंपनीचा 'हे डे' नावाचा शेतीचाही खेळ आहे. त्यात पेरलेलं पीक कधी वाळत नाही आणि उशिरा कापलं तरी बिघडत नाही. तो खेळ काढणाऱ्याला मराठवाड्यात एक खरीप काढायला लावला पाहिजे.)

खेळ असा. तुम्हांला एक रिकामी जागा मिळते. मध्ये टाऊन हॉल, म्हणजे आपली ग्रामपंचायतीची कचेरी समजा. बाजूला सोन्याची खाण, एलिक्झिर नावाचा रंगीत रस काढणारं यंत्र, ते साठवायची कोठारं, तोफा आणि भोवती भिंत. खाणीतून सोनं निघतं, ते खर्चून बांधकाम वाढवायचं. कमी पडलं की सैन्य घेऊन दुसऱ्याच्या गावावर चढाई करायची, तीन मिनिटांत जमेल तेवढी लूट आणायची. तुम्ही झोपलात की कुणीतरी तुमच्यावर चढाई करतो. पन्नास जणांपर्यंत मिळून एक क्लॅन करता येतो, आपल्या तरुण मंडळासारखा. एप्रिल २०१४ पासून क्लॅनची क्लॅनशी लढाई लावायची सोय झाली.

आता गंमत पाहा. सोनं आहे म्हणून तोफ लगेच वाढत नाही. त्याला गवंडी लागतो आणि वेळ लागतो. पहिल्या पायऱ्यांना काही मिनिटं, मग तास, मग दिवस. वरच्या पायरीवर एकेका कामाला आठवडा-दीड आठवडा सहज जातो. सुरुवातीला दोन गवंडी. तिसरा हवा तर ५०० हिरवे खडे मोजा, चौथ्याला १०००, पाचव्याला २०००. हे खडे गावातली झुडपं आणि दगड काढले की एक-दोन करून मिळतात. म्हणजे तण काढायचं, खडे वेचायचे आणि गवंडी ठेवायचा. नाहीतर खिशातले पैसे टाकून खड्यांची पिशवी विकत घ्यायची. खडे दिले की काम तिथल्या तिथे पुरं होतं. भिंतीचे तर वरच्या पायऱ्यांवर तीनशेच्या घरात तुकडे असतात, प्रत्येक तुकडा वेगळा वाढवायचा. ज्यांनी विहिरीचं कडं बांधून घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

खेळ फुकट आहे. मग कंपनीचं पोट कशावर चालतं? तुमच्या वाट बघण्यावर. ज्याला धीर आहे त्याला एक पैसा लागत नाही. ज्याला धीर नाही त्याला कंपनी वेळ विकते. हा धंदा किरकोळ समजू नका. जून २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या पुढाकाराने खरेदीदारांच्या गटाने या सुपरसेलचा चौऱ्याऐंशी टक्के हिस्सा ८.६ अब्ज डॉलरला घेतला. त्या वेळच्या भावाने पन्नास हजार कोटी रुपयांहून जास्त.

थोरल्याने २०१४ साली कॉलेजात असताना खेळ सुरू केला. एक पैसा घातला नाही. प्रत्येक पायरीवरचं सगळं काम, भिंतीच्या शेवटच्या तुकड्यासकट, पुरं केल्याशिवाय वर चढायचं नाही असा त्याचा नेम. नांगरट पुरी झाल्याशिवाय कुळव घालायचा नाही, तसं. २०२३ च्या अखेरीस तो पंधराव्या पायरीवर पोचला. नऊ वर्षं. धाकट्याने २०२३ मध्ये सुरू केलं आणि अडीच वर्षांच्या आत तो पंधराव्या पायरीवर येऊन उभा राहिला. आला तो आला, वर म्हणाला, "दादा, तू उगीच नऊ वर्षं घालवलीस."

या एका वाक्यावर चूल वेगळी व्हायची वेळ आली.

शिडी वरून लांबली, खालून सोपी झाली

धाकटा हुशार म्हणून लवकर आला का? थोडाफार तसं. पण खरं कारण असं की मधल्या काळात चढायचे नियमच बदलले.

खेळ जुना होत गेला तसे वर पोचलेले लोक रिकामे बसू लागले. रिकामा खेळाडू खेळ सोडतो. म्हणून कंपनीने वर नव्या पायऱ्या जोडल्या. अकरावी पायरी डिसेंबर २०१५ मध्ये, बारावी जून २०१८, तेरावी डिसेंबर २०१९, चौदावी एप्रिल २०२१, पंधरावी ऑक्टोबर २०२२, सोळावी डिसेंबर २०२३, सतरावी नोव्हेंबर २०२४. शिडी अशी लांबली की नव्याने खाली उभं राहून वर पाहिलं तर टोपी पडावी. मग नवा कशाला येईल? म्हणून दुसऱ्या बाजूने कंपनी खालच्या पायऱ्यांचा खर्च आणि वेळ कमी करत गेली. जवळजवळ प्रत्येक मोठ्या बदलाबरोबर खालची काही कामं स्वस्त झाली. जे काम थोरल्याने आठवडाभर वाट बघून केलं ते धाकट्याला त्याहून कितीतरी कमी वेळात मिळालं.

मग २०२२ मध्ये सैन्य उभं करायचा खर्च काढून टाकला. पूर्वी चढाईला जायचं तर आधी एलिक्झिर खर्च करून सैनिक तयार करावे लागत. चढाई फसली तर घातलेलंही जायचं, आपल्या बियाण्यासारखं. आता सैन्य फुकट. आणि मार्च २०२५ मध्ये सैन्य तयार व्हायला लागणारा वेळसुद्धा काढून टाकला. पूर्वी एक चढाई झाली की, जसं सैन्य तसं, वीस मिनिटं ते तास-दीड तास थांबावं लागे. आता एक संपली की दुसरी.

तुम्ही म्हणाल, हे तर चांगलंच झालं, तक्रार कसली? इथंच खेळाडूंत फळी पडली आणि ती नुसती दोन बाजूंची नाही.

जुना धीराचा खेळाडू म्हणतो, आम्ही जे घाम गाळून केलं ते आता कुणालाही मिळतंय, मग आमच्या गावाची किंमत काय? नवा म्हणतो, मला मित्रांच्या क्लॅनमध्ये लढायचंय, मी दहा वर्षं खाली भिंती रंगवत बसू का? पैसे घातलेला तिसराच. थोरल्याच्या क्लॅनमध्ये तालुक्याच्या गावचा एक मोबाईल दुकानदार आहे, त्याने मागे वेळ वाचवायला खडे विकत घेतले होते. तो म्हणतो, "जो वेळ मी पैसे देऊन विकत घेतला तो तुम्ही सगळ्यांना फुकट वाटला. माझं बिल कोण देणार?" आणि चौथा आहे कामधंद्याचा माणूस. त्याला पूर्वीचं थांबणंच सोयीचं होतं. सकाळी धार काढायच्या आधी एक चढाई, दुपारी जेवताना एक. सैन्य तयार व्हायला वेळ लागतो म्हणून दिवसभर बसणाऱ्यालाही बराच वेळ थांबावं लागे. आता ज्याला दिवसभर काम नाही तो दिवसभर लुटतो.

या चौघांत खोटं कुणीच बोलत नाही. एकच बदल, पण एकाचा मान गेला, एकाची अडचण गेली, एकाचे पैसे गेले, एकाची सोय गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पोरं उगीच ओरडताहेत. कंपनीवरची ओरड कमीच असते, निम्मं भांडण खेळाडूंचं खेळाडूंशीच असतं.

आणखी एक सांगतो, म्हणजे कंपनीचा हिशेब ध्यानात येईल. एका बाजूने वेळ स्वस्त केला की विकायला काय उरलं? डिसेंबर २०२३ मध्ये सोळाव्या पायरीबरोबर सरदारांच्या हत्यारांची पद्धत आली. गावात राजा, राणी असे सरदार असतात. पूर्वी सरदाराची पायरी वाढली की त्याची खास शक्ती आपोआप वाढे. आता ती शक्ती हत्यारात गेली आणि हत्यार वाढवायला तीन जातींची खनिजं लागतात, ती लोहाराकडे द्यायची. त्यातलं सगळ्यात दुर्मिळ खनिज मुख्यतः क्लॅनच्या लढाईतून थोडं थोडं मिळतं. म्हणजे जुनी शिडी सोपी केली आणि शेजारी नवी उभी केली. थोरला म्हणतो, "पंचायतीनं घरपट्टी कमी केली आणि पाणीपट्टी वाढवली, तसं हे." ग्रामसेवक मंडळींनी राग मानू नये, उदाहरण त्याचं आहे.

कचेरी वेशीबाहेर

नियम बदलला म्हणजे काय होतं हे नीट समजायचं तर २०१५ ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती सांगताना थोरल्याचा चेहरा खुलला होता.

त्या काळी नियम असा होता की कुणी तुमचा टाऊन हॉल फोडला की तुमच्या गावाला बारा तासांचं संरक्षण मिळायचं. त्या बारा तासांत दुसरा कुणी चढाई करू शकत नसे. खेळाडूंनी यातून सुरेख तोड काढली. त्यांनी कचेरीच उचलून भिंतीबाहेर, पार वेशीवर नेऊन ठेवली आणि सोन्याची कोठारं आत मध्यभागी घेतली. वाटेने जाणारा येई, चार सैनिक टाकून बाहेरची कचेरी फोडी, त्याला मानाच्या ट्रॉफ्या मिळत, आत शिरायच्या भानगडीत तो पडत नसे. गावाला बारा तास संरक्षण, सोनं शाबूत. दोघेही खूश. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जगभर ही वहिवाट पडली होती. आपल्याकडे दोन बांधकऱ्यांत पाण्याच्या पाळीची तोंडी समजूत असते, तशीच.

डिसेंबर २०१५ मध्ये अकराव्या पायरीबरोबर कंपनीने नियम फिरवला. नुसती कचेरी फुटून संरक्षण मिळणार नाही. गावाची किमान तीस टक्के मोडतोड झाली तर बारा तास, साठ टक्के झाली तर चौदा, नव्वद झाली तर सोळा. झालं. रातोरात सगळ्यांना कचेरी उचलून वेशीच्या आत आणावी लागली. वर्षानुवर्षं बसवलेली भिंतींची रचना मोडली. तेव्हा हा होस्टेलवर होता. सांगत होता की त्या आठवड्यात खोलीत दोन तट पडले. एक तट म्हणे, बरं झालं, कचेरी बाहेर ठेवणं ही पळवाटच होती, खेळ लढाईचा आहे तर लढा. दुसरा म्हणे, आम्ही तुमच्याच नियमाप्रमाणे गाव बांधलं, नियम बदलायचा होता तर आधी बांधू कशाला दिलंत?

ध्यानात घ्या, इथे खेळाडूंचं प्रत्यक्ष काही गेलं होतं. वेळ-खर्च कमी केला तेव्हा थोरल्याच्या गावातली एक वीटही हलली नव्हती. त्याचं गाव होतं तसंच राहिलं, फक्त शेजारची गावं लवकर वर आली. तरीही त्याला २०१५ पेक्षा आत्ताचं जास्त लागलं. मी त्याला विचारलं, असं का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हा सगळ्यांचंच बुडालं होतं. आता माझं एकट्याचंच बुडाल्यासारखं वाटतंय."

धाकट्याला हेच सांगितलं तर तो उसळला. "मी दोन हजार सहाला जन्मलो. दादानं खेळ चालू केला तेव्हा मी दुसरीत होतो. उशिरा जन्मलो ही माझी चूक झाली का?"

याला उत्तर द्यायचं तर कठीण आहे.

आबा गप्प झाले

त्यांचे वडील, गावात त्यांना आबा म्हणतात, इतका वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना सहज म्हटलं, आबा, हे सोसायटीसारखंच झालं. ते चमकले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली. थकबाकीदाराचं दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ. ज्याने दर वर्षी मार्चअखेर सोसायटीत नियमित भरणा केला त्याला प्रोत्साहन म्हणून भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्के, पण जास्तीत जास्त २५ हजार. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले योजना आली. थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंत. या दोन्ही वेळा गावागावांत काय बोलणं चाललं होतं ते गटसचिवांना विचारा. "आम्ही बायकोचे दागिने गहाण टाकून हप्ता भरला, तो मूर्खपणाच केला म्हणायचा." आणि दुसऱ्या बाजूने, "दोन वर्षं पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, आम्ही काय हौसेनं थकलो?"

आबा नियमित फेडणारे. २०१७ साली सोसायटीच्या ओट्यावर त्यांनी हेच बोलून दाखवलं होतं, मोठ्या आवाजात, माझ्यादेखत. त्यांच्या खात्यातलं काहीच कमी झालं नव्हतं. शेजाऱ्याचं माफ झालं, एवढंच. पण त्यांना जे लागलं ते खरं होतं. आणि तो शेजारी थकला होता तेही खरं होतं.

सुपारी तशीच हातात धरून आबा थोरल्याकडे बघत राहिले. मला वाटतं, आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना पोराचं भांडण कळलं असावं. अर्थात कर्ज ते कर्ज आणि खेळ तो खेळ, दोन्ही एका पारड्यात घालायचा माझा हेतू नाही. कर्जापायी माणसं गळ्याला दोर लावतात. पण मन दुखायची जागा तीच आहे. जुन्या नियमाने ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याचं नियम बदलताना काय करायचं, हा प्रश्न सरकारलाही नीट सोडवता आला नाही, तो हेलसिंकीच्या कंपनीला सुटेल अशी अपेक्षा का धरावी? सरकारने निदान प्रोत्साहनाची रक्कम तरी ठेवली. जुन्याला काहीतरी वेगळं द्या, नव्याची वाट मोकळी ठेवा, असं म्हणणारे समजूतदार खेळाडूही पुष्कळ आहेत. क्लॅन चालवणारे तर हमखास असंच म्हणतात, कारण त्यांना दोन्ही लागतात. जुना असल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही आणि नवा आल्याशिवाय पन्नास माणसं भरत नाहीत.

सातबारा

पण एक फरक मात्र मोठा आहे आणि या दोघा भावांच्या तो गावीही नव्हता.

साखर कारखान्याचा काटा मारला जातो म्हणून आपण ओरडतो, तेव्हा आपण सभासद असतो. आपला शेअर असतो, सर्वसाधारण सभेत उभं राहून अध्यक्षाला विचारता येतं, पाच वर्षांनी मत देता येतं. ग्रामपंचायतीला ग्रामसभा आहे. कसणाऱ्या कुळालासुद्धा १९४८ च्या कूळकायद्याने आधार दिला. मोबाईलमधल्या गावाला यातलं काहीही नाही. खेळ सुरू करताना जो लांबलचक मजकूर येतो आणि पोरं न वाचता 'मान्य' दाबतात, त्यात असं असतं की गाव, सोनं, खडे हे सगळं वापरायची नुसती परवानगी आहे. मालकी कंपनीची. पैसे देऊन घेतलेले खडेसुद्धा. नऊ वर्षं कसलं, पण सातबाऱ्यावर नाव लागलं नाही आणि लागणारही नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. 'फार्मव्हिल' नावाचा शेतीचा खेळ २००९ मध्ये फेसबुकवर आला होता, एके काळी शहरातले लोक कचेरीत बसून त्यात नांगरट करत. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद झाला, लोकांची उभी पिकं स्क्रीनवरून गेली. आपल्याकडे पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली. त्याचा भारतासाठीचा अवतार जुलै २०२१ मध्ये आला, तोही जुलै २०२२ मध्ये दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. पोरांनी त्यात जे कमावलं होतं ते प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या निर्णयावर टांगलेलं होतं.

मग खेळाडूच्या हातात काहीच नाही का? आहे, एक हत्यार आहे, आपल्या ओळखीचं. संप. 'वॉर थंडर' नावाचा रणगाडे-विमानांचा फुकट खेळ आहे, गैजिन कंपनीचा, तिचं मुख्यालय हंगेरीत बुडापेस्टला आहे. त्यात लढाईत मोडलेल्या रणगाड्याच्या दुरुस्तीचा खर्च खेळाडूच्या कमाईतून वजा होतो. कित्येकदा अशी गत व्हायची की बरी लढाई करूनही खर्च वजा जाता हाती शून्य. हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. मे २०२३ मध्ये कंपनीने कमाई-खर्चाच्या दरांत फेरबदल जाहीर केले आणि खेळाडूंचा संयम सुटला. 'स्टीम' नावाच्या खेळांच्या बाजारात त्यांनी हजारोंच्या संख्येने वाईट शेरे लिहिले, खेळ बंद ठेवायचा दिवस ठरवला. कंपनीने ते फेरबदल मागे घेतले आणि जूनमध्ये काय काय सुधारणार याची यादी तारखांसकट जाहीर केली. दुरुस्तीचा खर्च उतरला. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून निघालेल्या संपात आपण दूध-भाजी रोखली होती. या पोरांनी स्वतःचा वेळ आणि पैसा रोखला. तिथे जमलं कारण जुने, नवे, पैसेवाले सगळ्यांचा तोटा एकच होता. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये वेळ कमी केल्यावर तसं होणं अवघड, कारण एकाचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा.

आता थोडं कामाचं, पालकांसाठी आणि सरपंच-ग्रामसेवकांसाठीही, कारण अशा तक्रारी शेवटी त्यांच्याकडेच येतात.

पोराच्या हातात तुमचा मोबाईल असेल आणि त्यात बँकेचं खातं किंवा यूपीआय जोडलेलं असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, धाकट्या पोराकडूनच करून घ्या आणि पासवर्ड मात्र तुम्ही टाका. खडे घ्यायला एक बोट दाबावं लागतं, दुधाचा पगार जमा झालेला असेल तर तो त्याच बोटाने जातो.

दुसरं, आयडी विकण्याचं. जुनं, वरच्या पायरीचं गाव काही हजारांना घेतो असं सांगणारे भेटतात. थोरल्यालाही असा एक भेटला होता आणि ठिबकचा हप्ता तोंडावर असल्यामुळे तो विचारात पडला होता. कंपनीच्या अटींप्रमाणे असा व्यवहार चालत नाही, कळलं तर गाव कायमचं बंद होतं. आणि व्यवहारात एकाने पैसे आधी द्यायचे की दुसऱ्याने पासवर्ड आधी द्यायचा, इथंच फसवणूक होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा.

तिसरं, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांचा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली. क्लॅश ऑफ क्लॅन्स त्या जातीचा नाही. यात पैसे जाऊ शकतात, पण जिंकून परत येत नाहीत. त्यामुळे उठसूट प्रत्येक पोराला जुगारी ठरवू नये. तो कशात किती वेळ घालवतो हे विचारावं, आणि विचारताना 'डबडा' हा शब्द न वापरलेला बरा.

त्या रात्री निघायला उशीर झाला. चपला घालत होतो तेव्हा आबांनी थोरल्याला विचारलं, "तुझ्या त्या गावात भिंतीचे तुकडे किती म्हणालास?"

"तीनशे पंचवीस."

"सगळे पुरे केलेस?"

"सगळे."

आबांनी मान हलवली. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझे?"

धाकटा खाली बघून हसला. "निम्मे बी नाहीत. पुढच्या लढाईत तिथनंच आत शिरत्यात." थोरला तोंड फिरवून बसला होता. तो तिकडे बघतच म्हणाला, "आधी कोठाराच्या बाजूची कर. बाहेरची राहू दे."